हातभार मंडळाचा पहिला पाहुणा

शिकागो
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय झिपोरामावशी,

इथे अजून बर्फ आहे. रूफसचा खोकला बरा आहे, शाळा रोजच्यासारखी चालू आहे. आज मात्र कामासाठी लिहितेय.

तुमच्या अध्यक्षीण ब्लेलॉकबाईंचं पत्र आलं. हातभार मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात, त्यानिमित्त एक पुस्तिका काढायची आहे, आणि 'आपल्या गावची शिकलेली मुलगी' म्हणून ती मी लिहावी असा हुकूम आहे. सोबत त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात एक टिपण पाठवलंय: 'सन १९११ मध्ये सहा सुसंस्कृत भगिनींनी सद्विचारांच्या वाचनासाठी एकत्र येऊन मंडळाची स्थापना केली.'

मावशी, खरं सांगू? मी तुझ्या घरात वाढले, पण मला मंडळ म्हटलं की टोप्या, हातमोजे आणि न संपणारी भाषणंच आठवतात. बाकीची माहिती तू दे. त्या सहा जणी कोण होत्या? काय वाचायच्या? आणि मुळात मंडळ काढावंसं का वाटलं? त्या सहांतली मला ठाऊक आहेस ती तू एकटीच, म्हणजे तुला विचारण्यावाचून गती नाही. लवकर लिही, छापखानेवाला मागे लागलाय.

तुझी,
कॉरिन

•

कोल्टर्स फेरी, जॉर्जिया
२३ फेब्रुवारी १९६१

बाळ कॉरिन,

तुझं पत्र वाचून खूप हसले. सुसंस्कृत भगिनी! त्या सहांतल्या पाच जणी गोऱ्यांचे कपडे धुणाऱ्या. त्यात मी, तुझी आई लिओटा, पर्नेल, आणि दोघी बहिणी होत्या त्या नदीपलीकडच्या. सहावी आल्मायरा स्टोक्स, ती मात्र मास्तरीण. वाचता तिला एकटीलाच नीट यायचं. ती वाचायची आणि आम्ही पाच जणी दिवसभर इस्त्र्या करून करून तिथेच पेंगायचो. हे पुस्तिकेत घालू नकोस, ब्लेलॉकबाईंना चक्कर येईल.

मंडळ काय करतं ते लिही. मंडळाच्या घरात दर बुधवारी जिल्ह्याची नर्स येते, तान्ह्या बाळांची वजनं करते, लसी टोचते. लाकूडकारखान्याच्या वस्तीपासून बाया चालत येतात. गावच्या वाचनालयात आपल्या मुलांना पायरीवरही उभं करत नाहीत, म्हणून पुस्तकांची दोन कपाटं आपण ठेवलीत. आणि कोणी आजारी पडलं की आळीपाळीने उशाशी बसायचं, हे तर पहिल्यापासूनचं.

का काढलं म्हणतेस, तर कोणीतरी आजारी होतं, म्हणून काढलं. एवढं पुरे.

पीचचा मुरंबा पाठवलाय. रूफसला एकट्याला खाऊ देऊ नकोस.

तुझी
झिपोरामावशी

•

शिकागो
६ मार्च १९६१

प्रिय मावशी,

मुरंबा पोचला. रूफसने बरणी लपवून ठेवली आहे, आणि 'मला काय माहीत' असं तोंड करून फिरतोय.

पण तू मला फसवू नकोस. 'कोणीतरी आजारी होतं' म्हणजे कोण? तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस, आणि इथे मात्र एका ओळीत दार लावून घेतलंस. मला वास येतोय काहीतरी.

दुसरी गोष्ट. आपल्या लोकांच्या इथल्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर कोल्टर्स फेरीचं नाव बघून मी दचकलेच. चौकातल्या औषधांच्या दुकानात, त्या फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या कट्ट्यावर आपली कॉलेजची मुलं जाऊन बसली, कॉफी मागितली, आणि सगळ्यांना धरून नेलं म्हणे. ती मुलं दंडही भरणार नाहीत, जामीनही घेणार नाहीत, दोन महिने तुरुंगात बसू म्हणतात.

मावशी, तू बहात्तर वर्षांची आहेस. चौकात जाऊ नकोस. एक बरं, तुमच्या ब्लेलॉकबाई असल्या भानगडीत मंडळाला पडू देणार नाहीत. एरवी मला त्यांचा राग येतो, आज प्रथमच त्यांचा आधार वाटतोय.

तुझी,
कॉरिन

•

कोल्टर्स फेरी
३० मार्च १९६१

बाळ कॉरिन,

उत्तराला उशीर झाला. तुझी दुसरी चिठ्ठीही आली, 'आजारी आहेस का' म्हणून. आजारी नाही. चवळी शिजवतेय. सगळं सांगते.

तुरुंगात मुलांना सकाळी मक्याच्या पिठाची पेज आणि संध्याकाळीही तीच. ज्यांचे आईबाप गावात असतात त्यांना घरून डबा येतो. पण ही मुलं बाहेरगावची, शहरातल्या कॉलेजातून आलेली. त्यांना कोण डबा नेणार? पर्नेलने मंडळाच्या बैठकीत विषय काढला, आणि जणू गांधीलमाश्यांच्या पोळ्यात काठी घातली.

नव्या सभासदांतली एक जण म्हणाली, "ही काय आपली पोरं आहेत? आपली पोरं आपण आवरून धरली. हे आले, आग लावली, आणि आता आपण त्यांना जेवण वाढायचं?"

ब्लेलॉकबाई उठल्या. तू त्यांची चेष्टा करतेस, पण बाई खोटं बोलत नाही, आणि मुद्दा खोटा नव्हता. म्हणाल्या, "काल जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून माणूस आला होता. गोड बोलून गेला. म्हणाला, मंडळ चांगलं काम करतं, ते तसंच करत राहावं. तुरुंगाच्या दारात दिसलं तर नर्सला दुसरीकडे पाठवावं लागेल. भगिनींनो, बाळं की हे? मंडळाचं काम बाळं, पुस्तकं आणि आजारी माणसं. कैद्यांशी मंडळाचा कधी संबंध आला नाही, आणि येऊ नये."

कॉरिन, मी पन्नास वर्षं गप्प होते. आम्ही सहा जणींनी तसं ठरवलंच होतं. पण हे ऐकून मला उभं राहावंच लागलं. तिथे जे सांगितलं ते तुला सांगते, कारण त्यात तुझी आई आहे.

१९११ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ओढ्यावर कपडे धूत होतो. चर्चच्या मागच्या पायऱ्यांखाली एक माणूस पडलेला दिसला. आपल्यातलाच, पण गावातला नव्हे. तापाने फणफणलेला. ओल्या चादरींच्या गाठोड्यात घालून, पाच जणींनी वाहून त्याला आल्मायराच्या मागच्या खोलीत नेलं. त्याला धुवायला घेतलं आणि पाय बघितले, तर दोन्ही घोट्यांभोवती मांसात रुतलेली गोल जखम. बेड्यांची. रस्त्याची खडी फोडायला कैद्यांना साखळीत बांधून नेतात ना, त्या टोळीतून तो पळालेला होता. अशाला लपवणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

 आल्मायराने आपला चांगला परकर टरकन फाडला आणि दोन्ही घोटे बांधले. मग आम्ही पाळ्या लावल्या. मालकिणींना थापा मारल्या. कोणाची आजी मेली, कोणाचं पोर पडलं. पर्नेलची आजी तर आम्ही दोनदा पुरली.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेरीफची माणसं घोड्यावरून आली. दारात तुझी आई होती. वीस वर्षांची पोर ती. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "या ना साहेब, आत या. टायफॉइड आहे. माझ्या मावसभावाला झालाय, मलाही झाला असेल. बघून जा." आणि दार पुरतं उघडून त्यांच्या अंगावर खोकली. ती माणसं कुंपणाबाहेरच थांबली आणि घोडे वळवून गेली. नंतर ती चुलीमागे जाऊन बसली, मी तिचे हात धरून बसले होते. पण दारात पापणी हलली नव्हती.

तो माणूस वाचला. चालायला लागला आणि एका पहाटे निघून गेला. नाव आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लिओटा त्याला 'पाहुणा' म्हणायची. तो गेला, आणि पाळ्या मात्र लागलेल्या होत्या. त्याच आठवड्यात शेजारची म्हातारी पडली, तेव्हा पाळ्या तशाच पुढे चालवल्या. मंडळ हे नाव, टोप्या, वाचन, हे सगळं मागाहून आलं.

मी एवढं सांगून खाली बसले.  पर्नेल म्हणाली, "मग उद्याची चवळी कोण भिजत घालतंय?"

चार हात वर झाले. मग आणखी काही. ब्लेलॉकबाईंचा झाला नाही. त्या म्हणाल्या, "बहुमत मला मान्य आहे. पण मी तुरुंगाच्या दाराशी जाणार नाही."

तेव्हापासून चवळी, भात, मक्याचा पाव आणि रविवारी कोंबडी. चौकातून जावं लागतं. मी तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस.

झिपोरामावशी

•

शिकागो
९ एप्रिल १९६१

प्रिय मावशी,

रागावले नाही. 

माझ्या आईचं माझ्याजवळ काय होतं सांग. एक फोटो, आणि स्टार्चचा वास. मी सहा वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज मला कधी आठवला नाही. आता ती दारात उभी राहून शेरीफच्या माणसांवर खोकताना मला ऐकू येते. तू मला केवढं दिलंस, तुला कल्पना नाही.

रूफसला वाचून दाखवलं. घोट्यांपाशी आले तेव्हा तो उठून खिडकीशी गेला. म्हणाला, "माझ्या बापाच्या पायाला तशाच खुणा होत्या. उन्हाळ्यातसुद्धा तो मोजे काढायचा नाही. आम्ही विचारायचं नाही, असं घरात ठरलेलं होतं." लग्नाला एकवीस वर्षं झाली, हे मला आज कळलं. तो तुमचा पाहुणा नव्हे, रूफसचे लोक मिसिसिपीचे. पण रूफस म्हणाला, "मावशींना लिही, की असं कोणीतरी माझ्या बापालाही बांधलं असेल, असं मला आजपासून वाटेल."

ब्लेलॉकबाईंचंही पत्र आलंय. 'झिपोराबाईंनी सांगितलेला प्रसंग पुस्तिकेत नको, समारंभाला गोरे पाहुणे येतील.' मी काय करू? मला तो प्रसंग पहिल्याच पानावर हवाय. पण मी इथे सुखरूप आहे, आणि पुस्तिकेची झळ लागायची ती तुम्हाला. तू सांगशील तसं करीन.

नर्सचं काय झालं, ते तू लिहिलं नाहीस.

तुझी,
कॉरिन

•

कोल्टर्स फेरी
२६ एप्रिल १९६१

बाळ कॉरिन,

नर्स गेली. एका बुधवारी आलीच नाही, दुसऱ्या बुधवारी चिठ्ठी आली. त्या सकाळी लाकूडकारखान्याच्या वस्तीतल्या बाया बाळं घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. एक तरुण पोर, दोन महिन्यांचं बाळ खांद्याला, मला म्हणाली, "तुमच्या त्या बाहेरच्या पोरांपायी माझ्या बाळाला लस मिळेना. डबे पोचवताय ना? पोचवा."   ती खोटं थोडीच बोलत होती! मी तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

आता तुरुंगाचं ऐक. तिथल्या जेलरला आमचे डबे खुपायला लागले. त्याने नियम काढला: फक्त रक्ताच्या नात्यातल्यांनी यायचं, एका बाईने एकाच कैद्याचा डबा आणायचा. त्याला वाटलं, आता या घरी बसतील.

पर्नेल पहिली गेली. "हा माझा नातू," म्हणाली. मी माझ्या वाट्याच्या पोराची आजी झाले. कोणी आत्या, कोणी आई. जेलर म्हणाला, "एवढी सगळी तुमच्याच गावची? आणि हा तर तुझ्यापेक्षा चांगला हातभर उंच आहे."

"बापावर गेलाय, साहेब," पर्नेल म्हणाली.

सगळ्यांना कोणी ना कोणी मिळालं. एक मुलगा उरला. थॅडियस टेटम, टेनेसीचा. एकेकीला एकच, आणि आमच्यातल्या सगळ्या जणी वाटल्या गेलेल्या. त्याला दोन दिवस पेजेवर राहावं लागलं. हे बैठकीत निघालं तेव्हा सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं, कारण बिनपोराची बाई खोलीत एकच होती, आणि तिच्याकडे बघायची कोणाची छाती नव्हती.

मंगळवारी मी डबा घेऊन निघाले, तर कोपऱ्यावर ब्लेलॉकबाई उभ्या. पांढरे हातमोजे, ती तितराच्या पिसाची टोपी, हातात झाकलेली टोपली. मला म्हणाल्या, "बोलू नका काही. चला."

जेलरने मान वर केली. आपल्यातल्या बाईला तो गोरा काय 'बाई' म्हणणार? म्हणाला, "काय गं हॉर्टेन्स, तू इकडे कुठे? दातांच्या डॉक्टरची बायको ना तू? कोण आहे तुझं इथे?"

"थॅडियस टेटम."

"कोण लागतो?"

कॉरिन, या बाईने नवऱ्यालासुद्धा कधी 'जेवण झालं' असं न जेवता सांगितलेलं नाही.  म्हणाली, "मुलगा."

जेलर हसला. उठला आणि आतलं दार उघडून ओरडला, "टेटम! इकडे ये. ही बाई तुझी आई आहे म्हणते. आहे का रे?"

पोरगा गजांशी आला. तिला त्याने जन्मात बघितलेलं नव्हतं. हातमोजे बघितले, टोपली बघितली, ते पीस बघितलं. आणि म्हणाला, "हो साहेब. आईची ती टोपी मी कुठेही ओळखीन."

बाहेर रस्त्यावर आल्यावर ब्लेलॉकबाई म्हणाल्या, "झिपोरा, मी आज खोटं बोलले."

"हो," मी म्हटलं.

"त्याला कांदा आवडत नाही. वेचून बाजूला काढत होता. उद्या कांद्याशिवाय करते."

पुस्तिकेचं त्यांनाच विचार. मला वाटतं, आता विचारायला हरकत नाही.

झिपोरामावशी

•

शिकागो
३ मे १९६१

प्रिय मावशी,

विचारायची गरजच पडली नाही. कालच्या टपालाने ब्लेलॉकबाईंचं आधीचं टिपण रद्द करणारं नवं टिपण आलं. 'सुसंस्कृत भगिनी' वर काट मारली आहे. खाली लिहिलंय: 'पाहुण्याचा प्रसंग सुरुवातीलाच घ्यावा. मिस स्टोक्स यांनी परकर फाडला हेही असावे, मात्र परकराऐवजी वस्त्र म्हणावे.'

मी वस्त्र म्हटलंय. तेवढं तरी त्यांचं ऐकायला हवं.

लस न मिळालेल्या त्या बाळाचा विचार मनातून जात नाही. इथल्या आमच्या चर्चमध्ये एक डॉक्टर येतात, त्यांचे वर्गबंधू तुमच्यापासून तासाभराच्या गावात दवाखाना चालवतात म्हणे. मी पत्र घातलंय. माणूस भला असेल तर येईल.

मुलं सुटली की कळव.

कॉरिन

•

कोल्टर्स फेरी
१७ मे १९६१

बाळ कॉरिन,

डॉक्टर येऊन गेले. महिन्यातून दोन शनिवार येतो म्हणाले. दर बुधवारची सर त्याला नाही, पण दार उघडं राहिलं. ती खांद्यावर बाळ असलेली पोर अजून आलेली नाही. मी वस्तीपर्यंत जाऊन निरोप ठेवून आले. येईल किंवा नाही येणार.

पुस्तिका पोचली. पर्नेलने माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि म्हणाली, "माझी आजी दोनदा नाही, तीनदा पुरली होती." पुढच्या वेळी दुरुस्त कर.

आता टेटमची गोष्ट पुरी करते.

सुटकेच्या आदल्या आठवड्यात बसमधून एक बाई उतरली. धिप्पाड, हातात पुठ्ठ्याची पेटी. सरळ तुरुंगात. मी माझा डबा घेऊन मागेच उभी होते. म्हणाली, "मी ओला टेटम. थॅडियसची आई."

जेलर म्हणाला, "त्याची आई रोज येते. टोपीवाली."

ओलाचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही त्याचं टेबल उचलते. "कोण टोपीवाली? नऊ महिने मी..." मी तिच्या कोपराला असा चिमटा काढला की बिचारीला निळा डाग पडला असेल. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी नुसती बघत राहिले. आपल्या बायकांना जास्त सांगावं लागत नाही. तिने एक मोठा श्वास घेतला आणि जेलरला म्हणाली, "मी मावशी त्याची. लहानपणापासून मलाच आई म्हणतो, म्हणून तोंडात बसलंय."

आणि ती आपल्या पोटच्या पोराला मावशी म्हणून भेटून आली. तोही गजांतून 'मावशी' म्हणाला. ती बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तोंडाला हातरुमाल लावला. रडत होती की हसत होती, तिचं तिला ठाऊक.

मी तिला मंडळाच्या घरी आणलं. आत ब्लेलॉकबाई बटाटे सोलत होत्या. ओलाने त्यांना पायापासून पिसापर्यंत न्याहाळलं.

"तर तू माझ्या मुलाची आई."

"तात्पुरती," ब्लेलॉकबाई म्हणाल्या, आणि हातातला बटाटा खाली पडला.

ओलाने तो उचलला, पुसला, खुर्ची ओढून समोर बसली. "दुसरी सुरी आहे का?" मग दोघींचं जे सुरू झालं! त्याला कांदा आवडत नाही, या म्हणायच्या. मला सांगतेस, ती म्हणायची. ओला राहिली ती पोरं सुटेपर्यंत.

सोमवारी सकाळी मुलं बाहेर आली. वाळलेली, केस वाढलेले, पण ताठ. आम्ही रस्त्यापलीकडे उभ्या होतो. थॅडियस पायऱ्या उतरला आणि थांबला. एकीकडे ओला, दुसरीकडे ब्लेलॉकबाई. जेलर दारात उभा राहून बघत होता. ब्लेलॉकबाई पुढे आल्या नाहीत. टोपी नीट करायच्या निमित्ताने त्यांनी मान वळवली होती.

पोरगा आईच्या गळ्यात पडला, हे काय सांगायला हवं? ओलाने त्याला पोटाशी आवळून धरलं, पाठीवरून हात फिरवला, मग त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला फिरवलं आणि समोर ढकललं.

"जा," ती म्हणाली. "आधी तिच्याकडे जा. मी काय, घरीही आहेच."

तुझी
झिपोरामावशी